नारळ फोडण्याची पात्रता

मुक्काम दरेकसा,
रविवार, सुट्टीचा दिवस

दादा, तुला आणि कुंतावहिनीला सेवा जोहार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या वेळी म्हणालास की डॉक्टरने जिने चढू नको म्हणून सांगितलंय. आपल्या चिचगडच्या घराला जिना नाही, दारात पायरीसुद्धा एकच. तेव्हा तो डॉक्टर फार हुशार आहे की त्याने तुझ्याकडे न पाहताच औषध लिहिलं, हे मला अजून उमगलेलं नाही. काळी गाय व्याली का? मोहफुलं पडायला लागली असतील. (अंगणात वाळत घातलेल्या फुलांचा राखणदार तूच आणि चोरही तूच, हे मला ठाऊक आहे.) हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तू दर वाक्याला ‘बरं बरं’ म्हणतोस आणि तिसऱ्या ‘बरं’नंतर बैलाला पाणी दाखवायला निघून जातोस. पत्राला पाठ दाखवून जाता येत नाही, म्हणून पत्र.

तुझ्या कानावर एव्हाना आलंच असेल की दुर्पताने मिलच्या शेठवर केस केली, अख्खं गाव घेऊन ती गोंदियाला गेली आणि शेठच्या गाडीवर पत्रावळी फेकल्या. यातलं पहिलं खरं आहे, दुसरंही खरं आहे. पत्रावळी मात्र फेकल्या नाहीत, मांडल्या. लोक तिखटमीठ लावून सांगतात आणि तू ते मिटक्या मारत ऐकतोस, म्हणून मुळापासून लिहिते.

आमच्या राइस मिलचं नाव लिहीत नाही, कारण समझोत्यात कोणी कोणाची बदनामी करायची नाही असं कलम आहे आणि मी कलम पाळणारी बाई आहे. तर या मिलमध्ये पुरुष कामाला आला की त्याला विचारतात, काय काय येतं? बाई आली की काहीच विचारत नाहीत, तिचं नाव थेट रेजांच्या रजिस्टरात जातं. रेजा म्हणजे झाडणारी, पाखडणारी, पोती शिवणारी, जे सांगतील ते करणारी. मीही रेजा म्हणूनच लागले. पण सहा वर्षांपूर्वी मला सॉर्टेक्स मशीनवर शिवलालकाकांच्या मदतीला दिलं. सॉर्टेक्स म्हणजे तांदळातला काळा, डागी, पिवळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या फुंकरीने बाहेर उडवणारी मशीन. शिवलालकाका तिचे ऑपरेटर, आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ज्या माणसाला ताटातला खडा दिसत नाही तो काळे दाणे वेचायच्या मशीनवर, अशी आमच्या मिलची व्यवस्था. माणूस देवासारखा. पहिल्याच आठवड्यात मला सगळं शिकवलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून पोत्यांच्या थप्पीला टेकून झोपायला लागले. सहा वर्षं मशीन मी चालवली. कुठल्या लॉटला हवा किती, कॅमेऱ्याची सेटिंग काय, काच किती वेळा पुसली, हे सगळं मी रोज शाळेच्या वहीत लिहायची आणि संध्याकाळी काकांना उठवून खाली सही घ्यायची. (आश्रमशाळेतल्या गुरुजींनी लावलेली सवय. केलं ते लिही, नाहीतर केलं नाही असं समजेन, असं ते म्हणायचे आणि छडी दाखवायचे.)

दिवाळीला शिवलालकाका घरी बसले. ऑपरेटरची जागा रिकामी झाली. मी मॅनेजर तिलकबाबूंकडे गेले आणि म्हटलं, आता माझं नाव लावा. तिलकबाबू आधी हसले. मग मी हसत नाही हे पाहून त्यांनी चेहरा गंभीर केला आणि असं कारण काढलं की दादा, तुझ्या डॉक्टरनेही हात टेकावेत. तुला माहीत आहे, सतरा सप्टेंबरला गोंदियातल्या प्रत्येक कारखान्यात विश्वकर्मा पूजा होते, मशीनला हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. आमच्या मिलमध्ये तो नारळ सॉर्टेक्सच्या ऑपरेटरने फोडायचा अशी शेठजींच्या वडिलांपासूनची रीत. तिलकबाबू म्हणाले, “देखो दुर्पता, मशीन तो तुम चला लोगी, मगर नारियल कौन फोडेगा? औरत थोडी ना नारियल फोडती है!” म्हणजे वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी मशीन चालवली तरी चालेल, पण एका दिवशी एक नारळ फुटायचा आहे, त्यासाठी ऑपरेटर पुरुषच हवा. नारळ फोडायला लागतं काय? एक हात आणि एक दगड. मला हात दोन आहेत आणि मिलच्या आवारात दगड हवे तेवढे. मी हे बोलून दाखवलं, तर म्हणाले, जंगल की औरत हो, ये कंप्यूटर वाली मशीन का मामला है. सहा वर्षं ती कंप्यूटरवाली मशीन काय वाघ येऊन चालवून गेला होता?

नारळ फोडण्यासाठी त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याला आणलं. दुर्गेश त्याचं नाव, वय बत्तीस, मिशी जोरदार, स्वभाव गरीब. त्याला शिकवायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. चौथ्या दिवशी मी मंदाबाईबरोबर जेवायला बसले (मंदाबाई माझी मिलमधली जिवाभावाची, पोती शिवते आणि बोलताना सुई कमी, जीभ जास्त चालवते) आणि तेवढ्यात उकड्या तांदळाचा लॉट लागला. उकडा पिवळसर असतो, त्याची सेटिंग वेगळी. दुर्गेशने पांढऱ्या तांदळाचीच ठेवली. मशीनला प्रत्येक दाणा खराब दिसला, तिने प्रत्येक दाणा फेकला. चांगल्या मालाचं पोतं रिकामं लोंबतंय, रिजेक्टचं भरून वाहतंय आणि दुर्गेश कमरेवर हात ठेवून कौतुकाने पाहतोय. मी धावत आले तर मला म्हणतो, “ताई, किती साफ करून राहिली ना मशीन!”

दोष कोणाचा? माझा. शिकवण्यात कुचराई केली म्हणे. मला सॉर्टेक्सवरून काढून मागच्या आवारात भुशाच्या ढिगावर झाडू मारायला पाठवलं. दादा, सात दिवस मी भुसा झाडला. भुसा नाकात जातो, डोळ्यांत जातो, त्याचं काही वाटलं नाही. पण आतून मशीनचा आवाज यायचा आणि तो चुकीचा यायचा. ज्या हातांनी ती नीट करता आली असती त्या हातांत झाडू होता. मला रडू आलं नाही, राग आला. असा राग मला याआधी एकदाच आला होता, तू माझी सायकल विकली होतीस तेव्हा.

आठव्या दिवशी शेठजींकडे गेले. छोटेलाल शेठजी तसे मृदू माणूस, ओरडत नाहीत, ताई-बेटा करूनच गळा कापतात. म्हणाले, “बेटा, तू तो घर की है. मशीन तू ही चला, नाम दुर्गेश का रहने दे. दिवाली पे अच्छी साडी दूँगा.” मी म्हटलं, घरची आहे तर घरच्यासारखं नाव लावा, साडी दुर्गेशला द्या. बाहेर आले तर मंदाबाई दाराला कान लावून उभी. म्हणाली, “काऊन ऐकून घेतं वं? बाजाराच्या दिवशी सालेकशाले कायद्याचा तंबू लागते म्हनतेत. जाय ना!”

गेले. तंबूत दिव्या मॅडम म्हणून वकीलबाई होत्या. आधी मला कळलं की बाईला सरकारतर्फे वकील फुकट मिळतो, तिची मिळकत किती तेही विचारत नाहीत. मग कळलं की सारखं काम असेल तर बाई म्हणून पगारात भेद करता येत नाही, आणि नुसता पगारात नाही, कामावर घेतानाही करता येत नाही आणि कामाच्या अटींमध्येही नाही. आधी समान वेतनाचा कायदा होता, आता तो वेतन संहितेत गेला. नाव बदललं, मुद्दा तोच. अपवाद एकच, जे काम बाईने करू नये असं कायद्यानेच म्हटलंय तेवढं. मी विचारलं, नारळाचं काम त्यात आहे का? मॅडमनी पुस्तक दोनदा उलटसुलट पाहिलं (माझ्या समाधानासाठी) आणि नाही म्हणाल्या. ‘जंगल की औरत’ हे ऐकून त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, यासाठी वेगळा कायदा बघता येईल, बघायचा का? मी म्हटलं, तो सध्या माझ्या कनवटीला राहू द्या, आधी मला माझी मशीन पाहिजे. मी लिहिलेला अर्ज चार पानी होता, त्यात मशीनच्या तब्येतीचंच दीड पान. मॅडमनी अर्ध्या पानावर आणला आणि सांगितलं, जाऊन कामगार कार्यालयात दे आणि अर्ज पोचल्याचा आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नको. मी हलले नाही. तिथला बाबू जेवायला गेला आणि परत आला, तरी मी त्याच जागी.

आता माझी चूक सांगते. चूक माझी आहे, पण मला तिची लाज नाही. कार्यालयाचा कागद आला की दोन्ही पक्षांनी साक्षीदार व पुरावे घेऊन चर्चेला हजर राहावं. मी तो कागद आपल्या दुधरामकाकांना दाखवला, गावाची बैठक तेच चालवतात. काका म्हणाले, “साक्ष कोन देते? गाव देते. एकटी काऊन जातेस?” आणि मलाही ते बरोबरच वाटलं, कारण जन्मापासून पाहिलेला न्याय तो एवढाच. सगळ्यांनी बसायचं, दोघांचं ऐकायचं, आणि ज्याची चूक निघेल त्याने गावाला जेवू घालायचं. त्यामुळे ठरलेल्या दिवशी सकाळच्या गाडीने दरेकशाहून एकतीस माणसं गोंदियाला निघाली. न्याहारी कोणीच केली नव्हती. कशाला करतील? जेवण शेठकडे होतं. आपली ताटं आपण न्यावीत म्हणून बायकांनी गाडीतच पळसाच्या पानांच्या पत्रावळी टाचायला घेतल्या. तिकीट तपासनीस आला, त्याने विचारलं लग्न कोणाचं आहे. काका म्हणाले, तारीख आहे. तो बिचारा नवऱ्यामुलाचं नाव विचारत बसला.

कामगार अधिकारी साहेबांनी दारातून बाहेर पाहिलं आणि त्यांना वाटलं मोर्चा आला. शिपाई म्हणाला, घोषणा तर देत नाहीत, पानं टाचत बसलेत. तेवढ्यात शेठजी, तिलकबाबू, दुर्गेश आणि त्यांचे काळ्या कोटातले वकील पांढऱ्या गाडीतून उतरले. साहेबांनी पत्रावळींचं कारण विचारलं. दुधरामकाकांनी उभं राहून, हात जोडून, आवाज न चढवता सांगितलं, “साहेब, ज्याची चूक निंगन त्यानं जेवू घालाचं, असा आमचा कायदा आहे. आमी बसून राहतो. तुमी निवांत न्याव करा.” साहेबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. (हसू लपवायचं असलं की चष्म्याची माणसं असंच करतात.) मग म्हणाले, आत फक्त अर्जदार आणि तिच्या वकीलबाई. बाकीचे तीस खिडक्यांना लागले. खिडक्या दोनच होत्या, पण आपली माणसं आहेत, बसवून घेतात.

आत शेठजींचे वकील म्हणाले, अर्जदार रेजा आहे, रजिस्टर पाहा. मी सहा वह्या टेबलावर ठेवल्या. सहा वर्षांची सेटिंग, तारीखवार, खाली शिवलालकाकांची सही. वकिलांनी पानं चाळली आणि विजयी मुद्रेने म्हणाले की कित्येक सह्या उलट्या आहेत. खरंच होत्या, झोपेतून उठवलेला मोतीबिंदूचा माणूस वही कशी धरेल? मी म्हटलं, सही उलटी आहे, तारीख तर सुलटी आहे ना? आणि काका झोपलेले असताना मशीन कोण चालवत होतं ते शेठजींना विचारा. शेठजींनी तिलकबाबूंकडे पाहिलं, तिलकबाबूंनी पंख्याकडे. तेव्हा साहेबांनी दुर्गेशला विचारलं, समजा उद्या उकड्याचा लॉट लागला, तर तू काय करशील?

दुर्गेशने मिशीवरून हात फिरवला. भाऊजींकडे पाहिलं. मग अगदी सरळ म्हणाला, “ताईले विचारीन.”

तिलकबाबूंनी डोळे वटारले, तसा तो अजूनच मोकळा झाला. म्हणाला, “मी कायले खोटं बोलू भाऊजी? मले मशीनचा कंटाळा येते. मले ट्रक चालवाची हौस होती, तुमीच म्हनले नारळ फोडाले माणूस पाहिजे.” दादा, माणसाचं वजन मिशीवर ठरवू नये हे मी त्या दिवशी शिकले. खिडकीत आपल्या बायकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मग कागद झाला. पहिल्या तारखेपासून दुर्पता सॉर्टेक्स ऑपरेटर, रजिस्टरात त्याच नावाने, आधीच्या ऑपरेटरच्या सगळ्या अटींसह. शेठजींनी सही करता करता पेन थांबवलं आणि अगदी काकुळतीने विचारलं, साहब, मगर विश्वकर्मा पूजा? साहेब म्हणाले, नारळ तुम्ही फोडा, मी फोडतो, कोणीही फोडा, वेतन संहितेत नारळाचा उल्लेख नाही. मी मात्र तिथल्या तिथे सांगून टाकलं की तो नारळ आता मीच फोडणार. दिव्या मॅडमनी मला टेबलाखालून चिमटा काढला, पण बोललेलं बोललं.

बाहेर आलो तर पांढऱ्या गाडीच्या बोनेटवर, टपावर, पायरीवर एकतीस पत्रावळी ओळीने मांडलेल्या. शेठजी म्हणाले, “ये कौन से कानून में है?” काका म्हणाले, “आमच्या.” शेठजींनी मागे वळून साहेबांकडे पाहिलं. साहेब दारात उभे होते, ते घड्याळ बघत आत गेले. शेवटी समोरच्या टपरीवरचे पोहे आणि आलूबोंडे संपेपर्यंत मागवावे लागले. आपल्यात चुकलेल्या माणसाने शेवटी पंगतीत स्वतःही बसायचं असतं, तसं शेठजींनाही दुर्गेशच्या बाजूला फुटपाथवर बसवलं. पांढरी पँट, मांडीवर पळसाची पत्रावळ. जेवले की विषय संपतो. शेठजींनी हात धुतले आणि मला विचारलं, अब तो माफ किया ना? मी म्हटलं, गावाने केलं. माझं मी पुढे बघीन.

बारा दिवस झाले मशीनवर येऊन. भुशाच्या ढिगाकडे गेले नाही आणि जाणारही नाही. घरातल्या लहानथोरांना आशीर्वाद आणि जोहार, ज्याला जो लागेल तो.

तुझी बहीण,
दुर्पता
(सॉर्टेक्स ऑपरेटर)

ता. क. १ : वर मी फार ताठ मानेने लिहिलंय. खरं सांगायचं तर त्या खोलीत माझे हात इतके कापत होते की वह्या टेबलावर आपटल्या, आणि शेठजींच्या वकिलांना वाटलं मी दम देतेय. ते घाबरले म्हणून मला धीर आला. नोकरी गेली असती तर दुसरी कोणी दिली नसती, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

ता. क. २ : आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. तुझ्या गुडघ्यामुळे यंदा तू तेंदूपत्ता गोळा होतो त्या फळीची मुन्शीगिरी सोडतोयस आणि तुझ्या जागी भूपेंद्रचं नाव ठेकेदाराला सुचवणार आहेस, असं कळलं. भूपेंद्र चुलतभाऊ आहे, चांगला आहे, पण एका पुड्यात पानं सत्तर हेही त्याला बोटांवर मोजून सांगावं लागतं. गेली सात वर्षं फळीवर पुडे कोण मोजतं? कच्चं पान कोण परत करतं? ऐन मे महिन्याच्या उन्हात वाळत घातलेले पुडे कोण उलटवतं? सगळी वही वहिनीच्या अक्षरात आहे, दादा. तू खाटेवर बसून “पुढचा या” म्हणतोस, तेवढंच तुझं काम. वहिनी माघी पौर्णिमेला कचारगडच्या जत्रेला आली तेव्हा तिने मला सांगितलं की ती तुला म्हणाली होती, माझं नाव द्या, आणि तू म्हणालास, फळीवर बाई मुन्शी शोभत नाही. तू हे म्हणालास? तिने त्या दिवशी माझ्याच घरी बसून ठेकेदाराच्या नावाने अर्ज लिहिला. तो माझ्या पेटीत आहे, सही केलेला, फक्त तारीख घालायची राहिली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठेकेदार तुझ्याकडे येणार आहे. तिचं नाव तू दिलंस तर अर्ज मी फाडीन. नाही दिलंस तर सोमवारी तो कामगार कार्यालयात देऊन मी आवक नंबर घेईन. तू माझा एकुलता एक भाऊ आहेस आणि माझा तुझ्यावर फार जीव आहे, म्हणून आधी कळवतेय. शेठजींना मी कळवलं नव्हतं.

ता. क. ३ : आणि दादा, तू शाळेत गेला नाहीस, माझं प्रत्येक पत्र तुला वहिनीच वाचून दाखवते, हे मी विसरलेली नाही. वहिनी, इथपर्यंत न अडखळता वाचलंस ना? आता कागद खाली ठेव, त्याच्याकडे बघ आणि तुझं तू विचार. यापुढचं मी लिहिलेलं नाही.